सोलापुरात घरावर सोलर बसवताना: बिल, गच्ची, नेट मीटर आणि आयोगापुढची हरकत

सोलर बसवणाऱ्या एजन्सीचा माणूस घरी आला की बहुतेक वेळा तीन किलोवॅटचंच कोटेशन काढतो, कारण केंद्र सरकारचं ७८,००० रुपयांचं अनुदान तीन किलोवॅटला पूर्ण मिळतं. हा क्रम उलटा आहे. किती किलोवॅट बसवायचं ते गेल्या बारा महिन्यांच्या बिलावरून ठरवायचं आणि अनुदानाचा हिशोब त्यानंतर करायचा. बिलातले टप्पे, अनुदानाच्या अटी आणि नेट मीटरचे (लाइनमधून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज मोजून फरकाचं बिल करू देणाऱ्या मीटरचे) नियम हे दिल्ली-मुंबईतल्या निर्णयांतून आपल्या गच्चीवर येतात. ते थोडे समजले की कोटेशनमधली प्रत्येक ओळ तपासता येते, म्हणून आधी तेवढंच पाहू.

कोण काय ठरवतं

वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. अनुदान किती आणि कोणत्या पॅनेलवर, हे केंद्र सरकार ठरवतं. युनिटचा दर आणि नेट मीटरचे नियम मुंबईतला महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. अर्ज, मीटर आणि बिल महावितरणकडे. त्यांचं सोलापूर मंडल बारामती परिमंडलात येतं. अनुदान अडलं म्हणून शाखा अभियंत्याशी भांडून उपयोग नाही, आणि युनिट चुकीचे लागले म्हणून दिल्लीला तक्रार करूनही नाही.

२०१५ मध्ये केंद्राने २०२२ पर्यंत १०० गिगावॅट सौरऊर्जेचं लक्ष्य ठेवलं. त्यातले ४० गिगावॅट छतांवर यायचे होते. मोकळ्या जमिनीवरचे मोठे प्रकल्प वेगाने उभे राहिले, छतं मात्र खूप मागे पडली. दरम्यान नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट जीवाश्मेतर (कोळसा, तेल, वायू सोडून) क्षमता आणि २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य, जाहीर केलं. त्याच परिषदेत शेवटच्या क्षणी कोळसा 'बंद करणे' ऐवजी 'कमी करत नेणे' अशी शब्दरचना भारतानेच करून घेतली. भूमिका अशी होती की वातावरणात साठलेल्या कार्बनचा मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे आणि इथे घराघरात वीज अजून वाढायची आहे. रेंगाळलेली छतं पुढे ढकलण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आली: ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि एक कोटी घरं.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं की देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता जीवाश्मेतर आहे. हे खरं आहे. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा कोळशाचाच आहे. क्षमता किलोवॅटमध्ये मोजतात आणि वीज युनिटमध्ये. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या कोळसा प्रकल्पाचे ६६० मेगावॅटचे दोन संच रात्रीही चालू शकतात. तुमच्या गच्चीवरचं एक किलोवॅट सोलापूरच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतं. एजन्सीचा माणूस किलोवॅटमध्ये बोलतो आणि बिल युनिटमध्ये येतं, तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

पहिली पायरी: बारा महिन्यांचं बिल

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर महिनावार लिहा. बेरजेला १,४०० ने भागा. सोलापुरात नीट बसवलेलं एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, महिन्याला सरासरी ११५. कागदोपत्री १,५०० पर्यंतचा आकडा दिसतो, पण धूळ आणि उन्हाळ्यातली उष्णता धरून १,४०० वरच हिशोब ठेवा.

भागाकाराचं उत्तर ही वरची मर्यादा समजा. खरा निर्णय पुढे आहे.

घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. १०१ ते ३०० या टप्प्याचा वीज आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं. सोलरचे युनिट वजा होऊन जे उरतं त्यावर टप्पे लागतात, त्यामुळे सोलर सगळ्यात आधी महागडे युनिट खातं.

एक उदाहरण घ्या. महिन्याला २०० युनिट वापरणारं घर. १०० युनिट स्वस्त टप्प्यात, १०० महाग टप्प्यात. एक किलोवॅट बसवलं की ११५ युनिट वजा होऊन ८५ उरतात: महाग टप्पा पूर्ण गेला. दुसरं किलोवॅट बसवलं तर ते फक्त स्वस्त ८५ युनिट वाचवतं, आणि वर ३० शिल्लक राहतात. तिसऱ्या किलोवॅटला या घरात कामच नाही. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये आहे. म्हणजे तिसऱ्यात तुमच्या खिशातले पैसे जास्त आणि परतावा नगण्य. अशा घराला दीड ते दोन किलोवॅट पुरे.

आता एप्रिल-मेमध्ये एसीमुळे ४५० आणि इतर महिन्यांत ३०० युनिट वापरणारं घर. वर्षाचे ३,९००. १,४०० ने भागले तर पावणेतीनच्या आसपास. इथे तीन किलोवॅट बरोबर बसतं.

पुढच्या दोन वर्षांत एसी, इंडक्शन शेगडी किंवा विजेवरची दुचाकी येणार असेल तर तेवढे युनिट आजच धरा. रोज ३० किलोमीटर चालणाऱ्या दुचाकीला दिवसाला साधारण एक युनिट लागतं. नंतर पॅनेल वाढवता येतात, पण इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारी पेटी) छोटा घेतला असेल तर तो बदलावा लागतो. शंका असेल तर इन्व्हर्टर एक माप मोठा घ्या.

बिल शून्य होईल असं कोणी सांगत असेल तर त्याला स्थिर आकार दाखवा. तो आणि त्यावरचं शुल्क दर महिन्याला भरावंच लागतं.

शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हिशोबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. ३१ मार्चला उरलेले युनिट महावितरण आयोगाने ठरवलेल्या दराने घेतं, आणि तो दर तुम्ही भरता त्याच्या जवळपासही नसतो. सोलापुरात मार्च ते मे उत्पादन भरपूर आणि जुलै-ऑगस्टच्या ढगांत कमी. म्हणून मीटर एप्रिल-मेमध्ये लागला तर उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात वापरता येते. ऑक्टोबरमध्ये लागला तर हिवाळ्यातली शिल्लक मार्चअखेर कवडीमोल होते. फेब्रुवारीत अर्ज करणं सगळ्यात सोयीचं.

महिना १०० युनिटच्या आत वापर असेल तर आधी शांतपणे विचार करा. तुमचे सगळे युनिट स्वस्त टप्प्यातले आहेत. अशा घरांसाठी, विशेषतः दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी, केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याची 'स्मार्ट' योजना जादा अनुदान देते. विडी कामगारांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत बहुतेक घरं याच गटातली आहेत. शाखा कार्यालयात त्या योजनेची चौकशी करून मगच सही करा.

दुसरी पायरी: कागद

सगळ्यात जास्त अर्ज एका साध्या कारणाने अडतात: बिल आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं. अनुदान बिलावरच्या नावाच्या माणसाच्या खात्यात जातं. आधी वीजजोडणीच्या नावात बदल करून घ्या, मग सूर्यघरच्या पोर्टलवर जा. थकबाकीही आधी मिटवा.

पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि मोबाइल टाकून नोंदणी होते. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची गरज नाही. २०२४ च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनुसार असा पूर्ण भरलेला अर्ज मंजूर झाला असंच धरलं जातं. तुमचा मंजूर भार एक किलोवॅट असेल आणि तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं असेल तर भार वाढवण्याचं काम महावितरणने स्वतः करायचं आहे. त्याच नियमांनुसार ५ किलोवॅटपर्यंतच्या जोडणीसाठी डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) किंवा तारा मजबूत कराव्या लागल्या तर तो खर्चही ग्राहकावर टाकता येत नाही. कोणी 'भारवाढीचे वेगळे' मागितले तर लेखी मागणीपत्र मागा.

मग पोर्टलवरच्या नोंदणीकृत एजन्सींपैकी तिघांकडून कोटेशन घ्या. बाजारात तीन किलोवॅटचा दर अनुदानापूर्वी साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या दरम्यान पडतो. कोटेशनवर जीएसटीची ओळ जरूर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. पूर्ण बसवून देण्याच्या कामात ७० टक्के रक्कम साहित्याची धरून ५ टक्के आणि ३० टक्के सेवेची धरून १८ टक्के लागतो, म्हणजे एकूण ८.९ टक्के. जुन्या दराने तो १३.८ होता. १,९०,००० रुपयांच्या कामावर हा फरक नऊ हजारांहून जास्त आहे.

पैसे टप्प्याने द्या: ऑर्डर देताना २० टक्के, साहित्य गच्चीवर आल्यावर निम्मे, जोडणी झाल्यावर काही, आणि निदान १० ते १५ टक्के नेट मीटर लागल्यानंतरच. मीटरआधी पूर्ण पैसे हातात पडलेल्या एजन्सीला परत येण्याची घाई नसते. पाच वर्षांची देखभाल योजनेच्या अटींतच आहे, ती कराराच्या कागदावर लिहून घ्या. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. 'आम्हीच कापून घेतो' असं म्हणणाऱ्याकडे कर्जाचे किंवा खात्याचे कोरे कागद सही करून देऊ नका. कर्ज हवं असेल तर सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंत विनातारण देतात. १० टक्के रक्कम स्वतःची लागते.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गच्ची सगळ्यांची असते. एकट्याने बसवायचं तर सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं. लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी सोसायटीने मिळून बसवलं तर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, आणि आमच्या मते लहान गच्चीच्या इमारतींत हाच मार्ग कमी भांडणाचा.

तिसरी पायरी: गच्ची

एका किलोवॅटला १०० चौरस फूट बिनसावलीची जागा धरा. आजचे ५४० वॅटचे सहा पॅनेल म्हणजे सव्वातीन किलोवॅट. प्रत्येकाचं वजन २७-२८ किलो. स्लॅबला हे वजन काहीच नाही. खरी काळजी वाऱ्याची. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचं वादळ येतं तेव्हा वारा पॅनेलखाली शिरून ते वर उचलतो.

ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकेल असं डिझाइन कोटेशनमध्ये लिहून घ्या. लोखंडी सांगाडा गरम जस्तलेपाचा असावा, थर ८० मायक्रॉनच्या आसपास. नुसता रंग दिलेला पाइप तीन पावसाळ्यांत गंजतो, आणि गंज वेल्डिंगच्या जागी सुरू होतो. प्रत्येक पायाखाली काँक्रीटचा ठोकळा एक फूट लांब, रुंद आणि उंच असेल तर त्याचं वजन ६५ किलो भरतं. यापेक्षा लहान ठोकळे पाहिले तर काम थांबवा.

सोलापुरात जुन्या स्लॅबवर विटांचा कोबा असतो. त्यात ठोकलेला अँकर बोल्ट स्लॅबला पोचतच नाही. वादळात कोब्याचा तुकडा घेऊनच वर येतो, आणि त्या भोकातून पावसाळ्यात खोलीत पाणी उतरतं. कोब्यावर छिद्र न पाडता वजनदार ठोकळ्यांवर सांगाडा उभा करा. किंवा तेवढ्या जागेचा कोबा काढून, बोल्ट स्लॅबमध्ये केमिकलने बसवून, वर पुन्हा वॉटरप्रूफिंग करून घ्या. माळवदाच्या घरावर मातीच्या छतावर काहीही टेकवू नका. अंगणातून लोखंडी खांब उभे करून वेगळा मांडव करावा लागेल. पत्र्याच्या घरात पॅनेल पत्र्याला नव्हे तर खालच्या लोखंडी पाइपांना आवळायचे.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला आणि पापड-कुरडया वाळवायला जागा हवी म्हणून आठ फूट उंच सांगाडा करायची पद्धत पडली आहे. सोय चांगली, पण उंचीबरोबर वाऱ्याचा जोर वाढतो. अशा सांगाड्याला चारही बाजूंनी तिरप्या पट्ट्या हव्यात आणि पाये जास्त.

तोंड दक्षिणेला, उतार १५ ते १८ अंश. सोलापूरचा अक्षांश १७.७ असल्याने हाच उतार वर्षभरात सर्वाधिक देतो. सावली मात्र दोनदा तपासा. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य ४९ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडची टाकी किंवा शेजारची इमारत लांब सावली टाकते. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य सोलापूरच्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. तेव्हा पॅनेलच्या अगदी लगत उत्तरेला ठेवलेली टाकी दुपारी पॅनेलवर सावली टाकते. एजन्सीची माणसं फक्त दक्षिण बघतात. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावली त्या पॅनेलचा तिसरा हिस्सा तरी बंद पाडते.

पॅनेलची मापं २५ अंश तापमानाला दिलेली असतात. सोलापुरात एप्रिलमध्ये हवा ४२ अंशांवर असते तेव्हा काचेखालचं तापमान ६५ च्या पुढे जातं. प्रत्येक जादा अंशाला साधारण ०.३ ते ०.३५ टक्के घट, म्हणजे भरदुपारी १२ ते १४ टक्के कमी वीज. यात बिघाड काही नाही. पॅनेलखाली निदान एक फूट मोकळी हवा ठेवली तर थोडं वाचतं. पत्र्याला चिकटवून बसवलेले पॅनेल सगळ्यात जास्त तापतात.

चौथी पायरी: साहित्य ओळखणं

अनुदान हवं असेल तर पॅनेल डीसीआर असावे लागतात, म्हणजे पॅनेलच नव्हे तर आतले सेलही भारतात बनलेले. हे महाग पडतात आणि त्यामागे मोठं राजकारण आहे. जुन्या राष्ट्रीय सौर मोहिमेतली हीच अट अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि २०१६ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. तरीही सरकार जिथे स्वतः पैसा देतं तिथे अट टिकवून ठेवली आहे, कारण स्वस्त चिनी पॅनेलवर देशाची वीज उभी करायची नाही असा निर्णय आहे. आम्हाला तो योग्य वाटतो. त्याची किंमत आज ग्राहक मोजतो, म्हणूनच डीसीआरचे पैसे घेऊन दुसराच माल लावला जात नाही ना, हे पाहणं ग्राहकाचा हक्क आहे. पॅनेलच्या काचेआडचा अनुक्रमांक आणि डीसीआर प्रमाणपत्रावरचा क्रमांक एक-एक करून जुळवा. पॅनेल वर चढवण्याआधी जुळवा.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका. संध्याकाळपर्यंत ती भिंत तापते आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी करतो. जिन्यातली सावलीची, हवेशीर जागा बरी.

वीज गेली की साधा ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनशी जोडलेला, बिनबॅटरीचा) इन्व्हर्टरही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. हे न सांगितल्यामुळे सगळ्यात जास्त लोक नाराज होतात. डीपीवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ही व्यवस्था सक्तीची आहे. वीज गेल्यावरही दिवे-पंखे हवे असतील तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि बॅटरीला या योजनेत अनुदान नाही.

आता एक दोष, जो सोलर वाढेल तसा वाढणार आहे. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान गल्लीत वापर कमी आणि सगळ्या गच्च्यांवरून वीज बाहेर जात असते. तारेचं व्होल्टेज चढतं. ते २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टर बंद पडतो, थोड्या वेळाने चालू होतो, पुन्हा पडतो. डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटी असलेल्या घरांना हे आधी जाणवतं. बसवण्यापूर्वीच एखाद्या रविवारी दुपारी मीटरपाशी व्होल्टेज मोजा. २४५ च्या वर दिसलं तर अर्जासोबतच शाखा कार्यालयात लेखी द्या, म्हणजे डीपीचा टॅप खाली घेऊन व्होल्टेज कमी करता येतं. तुमच्या बाजूने इन्व्हर्टर ते मीटर ही केबल जाड घ्या. तीन किलोवॅटला १३ अँपिअर प्रवाह असतो. २० मीटर अंतराला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल साधारण अडीच व्होल्ट चढवते, अडीच चौरस मिलिमीटरची चारच्या जवळ. अंतर जास्त असेल तर ६ ची घ्या.

अर्थिंगचे तीन खड्डे मागा: वीजरोधकाचा (आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळईचा) वेगळा, पॅनेल आणि सांगाड्याचा वेगळा, इन्व्हर्टर आणि पेट्यांचा वेगळा. रोध ५ ओमच्या आत हवा. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम-खडक. पावसाळ्यात मोजलेला रोध चांगला दिसतो आणि मेमध्ये जमीन भेगाळली की वाढतो. उन्हाळ्यात एकदा पुन्हा मोजून घ्या. डीसी बाजूचे एमसीफोर जोड (पॅनेलच्या तारा जोडणारे प्लग) एकाच कंपनीचे असावेत. दोन कंपन्यांचे जोड एकमेकांत बसतात, पण आत पक्का स्पर्श होत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत तिथे जळतं.

मीटर लागल्यावर

काम पूर्ण झाल्याचा अर्ज गेल्यापासून १५ दिवसांत करार आणि नेट मीटर व्हायला हवं, हा २०२४ च्या नियमांतला मुदतीचा आकडा लक्षात ठेवा. मीटर लागला की पडद्यावर आयात (लाइनमधून घेतलेले युनिट) आणि निर्यात (लाइनला दिलेले) असे दोन आकडे फिरतात. पहिल्या दिवशी दोन्हींचा फोटो काढा. पहिलं बिल आलं की निर्यात युनिट छापलेत का ते पाहा. पहिल्या एक-दोन बिलांत निर्यात शून्य दाखवली जाणं ही नेहमीची चूक आहे, कारण जुन्या मीटरची नोंद प्रणालीत तशीच राहिलेली असते. इन्व्हर्टरच्या ॲपमधले युनिट आणि बिलावरची निर्यात जुळणार नाहीत; दिवसा घरात वापरलेली वीज मीटरपर्यंत जातच नाही.

चूक दिसली तर फोटोंसह शाखा कार्यालयात लेखी अर्ज आणि पोच. १९१२ वर तक्रार करून क्रमांक घ्या. तिथे सुटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि वकील लागत नाही. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल.

धुण्याचं म्हणाल तर ऑक्टोबर ते मे दर दहा-पंधरा दिवसांनी. कारखान्यांच्या गळीत हंगामात बगॅसची काजळी आणि यंत्रमागांच्या भागात सुताचा भुरका बसतो. हे दोन्ही साध्या धुळीपेक्षा चिकट. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्याने काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरा थर धरतो, तो पुढे निघत नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येतं अशा शहरात बादलीभर पाणी आणि रबरी पट्टीचा वायपर पुरतो, तीन किलोवॅटला १५-२० लिटर. आरओचं वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

शेवटची पायरी: हरकत नोंदवणं

नेट मीटर हा कायमचा हक्क समजून निश्चिंत राहू नका. महाग टप्प्यातले ग्राहक आणि उद्योग जास्त दर देतात, आणि त्यातून शेतीपंपांच्या स्वस्त विजेचा काही भार उचलला जातो. तुमचं सोलर नेमके हेच महाग युनिट कमी करतं. वितरण कंपनीची अडचण खरी आहे. पण तिचा भार पुन्हा मध्यमवर्गीय गच्चीवर टाकावा की सरकारने शेतीचं अनुदान वेळेवर आणि पूर्ण द्यावं, हा राजकीय प्रश्न आहे आणि त्यात बोलायची जागा कायद्याने ठेवलेली आहे.

२०१९ मध्ये आयोगाच्या मसुद्यात नेट मीटरची सवलत महिना ३०० युनिटांपर्यंत मर्यादित करण्याचा प्रस्ताव होता. राज्यभरातून हरकती गेल्या, आणि अंतिम विनियमांत नेट मीटर राहिला. १० किलोवॅटपर्यंतच्या ग्राहकांना ग्रिड आधार शुल्कातूनही (ग्रिडच्या वापरासाठी सौर ग्राहकांवर लावायच्या शुल्कातून) वगळलं गेलं.

वीज कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार दराच्या अर्जावर लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. जाहीर सूचना मराठी वर्तमानपत्रांत छापून येते, मुदत साधारण तीन आठवड्यांची. महावितरणचा हा दराचा अर्ज, म्हणजेच याचिका, त्यांच्या आणि आयोगाच्या संकेतस्थळांवर असते. शेकडो पानं वाचायची गरज नाही. घरगुती दराचा तक्ता, स्थिर आकार, दिवसाच्या वेळेनुसारचे दर आणि छतावरच्या सौर ग्राहकांविषयीचं प्रकरण, एवढं शोधा.

हरकत दोन पानांत बसवा. वर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि याचिकेचा क्रमांक. मग परिच्छेद क्रमांक देऊन एकेक मुद्दा: याचिकेत काय मागितलं आहे, माझ्या बारा महिन्यांच्या बिलावर त्याने किती रुपयांचा फरक पडतो, आणि मला काय हवं आहे. 'दरवाढ अन्यायकारक आहे' या वाक्याला आयोगाच्या आदेशात उत्तर मिळत नाही. 'परिच्छेद अमुकनुसार माझे दुपारचे निर्यात युनिट रात्रीच्या वापरातून वजा होणार नाहीत, त्यामुळे वर्षाला इतके रुपये जास्त' या वाक्याला द्यावं लागतं. बिलांच्या प्रती जोडा. आयोगाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरा आणि पोच जपून ठेवा. सुनावणीला तोंडी बोलायचं असेल तर तसं हरकतीतच लिहा. सोसायटी किंवा गल्लीतल्या दहा घरांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या बिलाचे आकडे घालून स्वतंत्र पाठवावं.

आदेश आला की त्यातला सूचना-हरकतींचा भाग काढून आपल्या मुद्द्यावर महावितरणने काय म्हटलं आणि आयोगाने काय ठरवलं ते वाचा, आणि नव्या दराने आपला बारा महिन्यांचा कागद पुन्हा मांडा.